हुन्नर आपला, सही दुसऱ्याची

जळालेली मोटार दुकानात आली की भाईजान आधी ती उघडतात, वाइंडिंगवर एक नजर टाकतात आणि सांगतात, एक फेज गेली होती, बेअरिंग जाम झाले होते की कमी दाबाच्या विजेवर पंप ओढत राहिला होता. सहसा चुकत नाहीत. मी शासकीय आयटीआयमध्ये वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे, म्हणजे साध्या भाषेत इलेक्ट्रिशियन ट्रेडचा मास्तर. माझ्याकडे मेगर आहे, मीटर आहेत, भिंतीवर तक्ते आहेत. तरीही एखादी जुनी मोटार मला दाद देत नाही तेव्हा संध्याकाळी मी भाईजानांना फोन लावतो.

आम्हा दोघांत खरा कारागीर कोण, हे आमच्या मोहल्ल्यातले शेंबडे पोरही सांगेल. पण कागदावर कारागीर मी आहे. भाईजान कुणीच नाहीत.

भाईजानांनी १९९६ साली नववीत शाळा सोडली. अब्बांचे सायकलचे दुकान होते, त्यांना अर्धांगवायू झाला आणि दुकान बसले. भाईजान मिरजेत एका उस्तादांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात लागले. पहिली दोन वर्षे जळकी तार काढायची, स्लॉट खरवडून साफ करायचे, चहा आणायचा. आठवड्याला खर्ची मिळायची. मी त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. २००४ मध्ये दहावी होऊन मी आयटीआयला लागलो तेव्हा फी, बूट, ड्रॉइंग बोर्ड, बसचा पास, सगळे त्याच कमाईतून आले. माझ्या भिंतीवरच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रावर नाव माझे असले तरी पैसे त्यांचे आहेत. त्यामुळे व्यावसायिक शिक्षणावर लिहिताना मला तटस्थ राहता येत नाही, आणि तसा आवही आणत नाही.

२००७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी अप्रेंटिसशिप नुकतीच संपली होती. एका गिरणीच्या नव्या शेडचे वायरिंग भाईजान आणि तीन पोरांनी मिळून केले. महिनाभराहून जास्त काम चालले. पॅनल, केबल, अर्थिंगचे खड्डे, सगळे त्यांच्या हातचे. मीही सुट्टीत टेस्टर धरून मागे मागे फिरत होतो. शेवटच्या दिवशी परवानाधारक ठेकेदार गाडीतून आले, दहा मिनिटे शेडमध्ये फिरले, चहा घेतला आणि चाचणी अहवालावर सही करून गेले. त्या सहीशिवाय वीजजोडणी मिळत नाही. भाईजानांना रोजंदारी मिळाली. बिलातली बाकीची रक्कम कुठे गेली हे सांगायला नको.

परत येताना मी खूप चिडलो होतो. भाईजान मात्र शांत. म्हणाले, "कानून गलत नहीं है रे. करंट किसी को भी मार सकता है. सही करनेवाला जिम्मेदार रहता." मग थोड्या वेळाने, "बस, वो सही मेरी नहीं है."

एवढी वर्षे शिकवून झाल्यावरही व्यावसायिक पात्रतेची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. हातातले कौशल्य तुम्हाला काम देते. त्या कामाची जबाबदारी घेण्याचा, त्यावर आपले नाव घालण्याचा आणि त्याचे पूर्ण मोल मागण्याचा अधिकार कागद देतो. आपल्या समाजात पहिली गोष्ट मुबलक आहे. दुसरीच्या बाबतीत आपण पिढ्यानपिढ्या आळशी राहिलो. काही वेळा तर आपल्याला तिच्यापासून दूर ठेवले गेले.

आपली आडनावेच पाहा. शिकलगार, पिंजारी, मोमीन, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार. महाराष्ट्रातल्या मुस्लिम मोहल्ल्याची हजेरी घेतली तर ती व्यवसायांची यादीच वाचल्यासारखी वाटते. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांना धार लावणे हे त्यांचे काम. हत्यारांची मागणी संपली तेव्हा या लोकांनी भोपळा आणि लाकूड हातात घेऊन सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. गेल्या दीडशे वर्षांत त्या वाद्यांनी मिरजेचे नाव देशभर नेले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. काळ बदलला की हात बदलायचे, हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही. पण आजच्या बदलात हाताबरोबर कागदही बदलावा लागतो, आणि तिथे आपली गाडी अडते.

हे दुखणे नवीन नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला तेव्हा मुस्लिमांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचे नोंदवले होते. त्याच अहवालात एक शिफारस होती, ती आपल्या सभांमधून फारशी ऐकू येत नाही. कारागिरी हा या समाजाचा मोठा आधार आहे, म्हणून शाळा पूर्ण न केलेल्यांनाही तांत्रिक प्रशिक्षण मिळावे, आयटीआयची प्रवेश पात्रता आठवीपर्यंत खाली आणावी आणि मदरशात शिकलेल्या मुलांनाही ती वाट मोकळी करावी. सच्चर अहवालाचा उल्लेख आपण आरक्षणाच्या मागणीसाठी करतो, तो करायलाच हवा. पण आयटीआयचे ते पानही कधी मोठ्याने वाचायला हरकत नाही.

आता कागद नेमके काय करतो ते सांगतो. महावितरणमध्ये विद्युत सहाय्यक व्हायचे तर दहावी आणि वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे आयटीआय प्रमाणपत्र लागते. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या अर्जातही आयटीआय चालते. रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी तिथल्या पहिल्या स्तराच्या भरतीत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. भाईजान या सगळ्या कामांत माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांना मागे टाकतील. पण अर्जाच्या पहिल्याच रकान्यात ते बाद होतात.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी तर हे नीट समजून घ्यावे. कोकणात आणि आमच्या भागातही घरटी एक माणूस तिकडे असतो. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा शेरा येतो, म्हणजे सौदी, कुवेत, कतारसारख्या देशांत नोकरीला जायचे तर सरकारी परवानगीची वेगळी पायरी चढावी लागते, आणि त्या पायरीवर एजंट बसलेले असतात. दहावी पास असलात तर हा शेरा लागत नाही. एनसीव्हीटी किंवा एससीव्हीटीची मान्यता असलेल्या संस्थेतली दोन वर्षांची पात्रता असेल तरीही लागत नाही. अलीकडे सौदी अरेबियाने व्हिसापूर्वी कौशल्य पडताळणीची परीक्षाही सुरू केली आहे. तिची सुरुवात प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, एसी-फ्रीज मेकॅनिक अशाच कामांपासून झाली. चाचाने बोलावले आणि आपण विमानात बसलो, तो काळ गेला.

घराजवळचेच उदाहरण हवे असेल तर छतावरची सौर वीज घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. अनुदान हवे तर यंत्रणा नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच बसवावी लागते. आमच्या भागात पॅनल चढवणारी, पत्र्यावर उन्हात वाकून बोल्ट आवळणारी कितीतरी पोरे आपली आहेत. नोंदणीकृत विक्रेते त्यांतले किती आहेत ते तुम्हीच आपल्या गावात मोजा. २००७ च्या गिरणीचाच खेळ, फक्त पत्र्यावर चढलेला.

गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोराची आणखी एक अडचण असते, ती दुखापत झाल्यावर कळते. भाईजानांबरोबर दुकानात असलेल्या एका मुलाचा हात व्हार्निशच्या भट्टीत भाजला. उस्ताद भला माणूस, त्यांनी दवाखान्याचा खर्च खिशातून केला. पण उस्ताद भले निघाले म्हणून. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंद झालेल्या अप्रेंटिसला विद्यावेतन मिळणे आणि कामावर इजा झाल्यास मालकाने भरपाई देणे बंधनकारक असते. मालक भला आहे की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही.

आणि शिकण्यातला फरकही असतोच. भाईजानांकडे एक वही आहे. पंचवीस-तीस वर्षांत बांधलेल्या मोटारींची नोंद तिच्यात आहे: किती स्लॉट, किती टर्न, कोणता गेज. ती वही म्हणजे आमच्या घरातली दौलत. पण एखादी मोटार दुसऱ्या कुणीतरी आधीच उकलून, तार भंगारात घालून आणली, आणि ती वहीत नसली, तर भाईजान अडतात. उघड्या सांगाड्यावरून किती टर्न घालायचे याचे गणित असते, ते मला वर्गात शिकवले होते. त्यांना उस्तादांनी सांगितले नाही, कारण उस्तादांनाही कुणी सांगितले नव्हते. हाताने शिकलेला माणूस समोर आहे ते हुबेहूब पुन्हा घडवतो. नवे आले की त्याला कारण माहीत असावे लागते. इन्व्हर्टर, ड्राइव्ह, ई-रिक्षाचे चार्जर हे सगळे नवेच आहे.

मग आपली मुले आयटीआयला का येत नाहीत? येतात, पण उशिरा येतात, हरल्यासारखी येतात. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी एखादे अब्बा मला बाजूला घेऊन विचारतात, "सर, मार्क कमी पडे ना, इसलिए. वैसे लडका होशियार है." मी त्यांना म्हणतो, होशियार आहे म्हणूनच इथे पाहिजे, ढ मुलाच्या हातात चारशे चाळीस व्होल्ट कशाला देऊ? ते हसतात, पण पटत नाही. त्यांना मुलगा 'ग्रॅज्युएट' हवा असतो, कारण रिश्त्याच्या वेळी तो शब्द चालतो. जुम्याच्या बयानात हजरत दाऊद चिलखते बनवत आणि हजरत जकरिया सुतारकाम करत, हे आपण मान डोलावून ऐकतो. घरी आल्यावर मात्र मिस्त्री जावई नको.

मी बी.ए., बी.कॉम.च्या विरोधात नाही. ज्याला इतिहास आवडतो त्याने इतिहास जरूर वाचावा. माझा राग आवडीशिवाय, हजेरीशिवाय, केवळ तीन वर्षे ढकलण्यासाठी घेतलेल्या पदवीवर आहे. तो मुलगा चोविसाव्या वर्षी मोबाइलच्या दुकानात कव्हर विकत बसतो आणि स्वतःलाच नापास समजतो. तेवढ्या वेळात त्याच्या वर्गातला 'कमी मार्कांचा' वेल्डर एक वर्षाचा कोर्स करून कामाला लागलेला असतो.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षण संपले, ही समजूत तर साफ चुकीची आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. मी पहिली पायरी चढलो, माझा एक विद्यार्थी दोन्ही चढला. आठवी पास मुलालाही तारतंत्री किंवा वेल्डरला प्रवेश मिळतो. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून त्याने राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा दिली तर त्याला दहावीची समकक्षता मिळते. दहावीनंतर आलेल्याला अशीच बारावीची. म्हणजे शाळा सुटलेल्याला परत शाळेच्या वाटेवर आणणारी ही सोय आहे. भाईजानांच्या वेळी हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असते तर, असे कधीतरी वाटून जाते.

उर्दू माध्यमाच्या मुलांची एक भीती मला ओळखीची आहे, कारण दर बॅचला दोन-तीन जण ती घेऊन येतात. मराठीतून शिकवतील, इंग्रजीतून लिहायला लावतील, आपल्याला कळणार नाही. पहिले दोन महिने जड जातात, हे खरे. पण रेझिस्टन्स, स्टार्टर, कपॅसिटर हे शब्द मराठी माध्यमाच्या मुलालाही तितकेच नवे असतात. तारेचा ब्रिटानिया जॉइंट मारताना कुणाचे माध्यम विचारले जात नाही. माझा अनुभव असा की जिना वायरिंगच्या प्रात्यक्षिकापर्यंत फरक मिटतो. ड्रॉइंगमध्ये राहतो, त्यासाठी मात्र जादा बसावे लागते.

मुलींबद्दल लिहिताना मी जरा अडखळतो, कारण यात माझेही घर आहे. आपल्या मोहल्ल्यात मुलीला शिवणक्लासला घालतात, कुणाच्या तरी घरी, वर्षभर. ती उत्तम शिवायला शिकते आणि तिच्या हातात कागदाचा चिटोराही येत नाही. तेच काम आयटीआयच्या ड्रेस मेकिंगला केले तर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. महिलांसाठी आयटीआयमध्ये ३० टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या शिवणकामापुरत्या नाहीत. माझ्या वर्गातल्या मुली खांबावर चढतात. पहिल्या दिवशी मुले बघ्यासारखी खाली उभी राहतात. तिसऱ्या दिवशी कुणी मान वर करून बघतही नाही.

एवढे सगळे गोड बोलल्यावर कडूही सांगायला हवे. प्रमाणपत्राने भेदभाव संपत नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्याकडे मुलाखती घेतल्या. माझ्या बॅचमध्ये पहिला आलेला मुलगा लेखी परीक्षेत वर होता, प्रात्यक्षिकातही. अंतिम यादीत तो नव्हता आणि त्याच्या नावासारखे एकही नाव नव्हते. मी विचारले, तर 'आमचे निकष' एवढेच उत्तर आले. त्या मुलाला काय सांगायचे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. पुढे तो महावितरणच्या भरतीत गुणवत्ता यादीवर लागला. ती यादी गुणांनी लागते, आडनावाने नाही. म्हणून जिथे यादी जाहीर लागते तिथे आपली मुले जास्तीत जास्त पोहोचावीत, असे मला वाटते. आणि जिथे बंद दाराआड ठरते तिथे प्रश्न विचारणारे लोकही हवेत. प्रमाणपत्र हातात असले की तो प्रश्न विचारताना निदान 'लायक उमेदवार मिळत नाहीत' हे उत्तर ऐकावे लागत नाही.

शिवाय प्रमाणपत्राच्या नावाखाली चाललेला बाजार. शटरच्या आत दोन खोल्या, तीन महिन्यांचा कोर्स, फी भरपूर, भिंतीवर मोठमोठे बोधचिन्ह. प्रवेश घेण्यापूर्वी एवढेच विचारा: हे प्रमाणपत्र कोण देणार, राष्ट्रीय परिषदेची मान्यता कुठे आहे, आणि वर्कशॉप दाखवा. वर्कशॉप दाखवताना टाळाटाळ झाली तर चप्पल घालून बाहेर पडा. सरकारी आयटीआयही काही जन्नत नाही. यंत्रे जुनी आहेत, निदेशकांची पदे रिकामी राहतात, हे मी आत बसून सांगतो. पण तिथली फी चांगल्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असते, आणि काही शासकीय संस्थांत अल्पसंख्याक विकास विभागाच्या योजनेतून आपल्या मुलांसाठी जादा तुकड्या आहेत. आपल्या शहरात अशी तुकडी आहे का, हे मशिदीच्या फळ्यावर लिहायला किती वेळ लागतो?

ज्यांचे शाळेचे वय उलटून गेले, त्यांचे काय? शिंपी, गवंडी, सुतार, कुलूप दुरुस्त करणारे अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रमाणपत्र, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. मोटार बांधणारा त्या यादीत नाही. भाईजानांना दुसरी वाट होती: विद्युत अनुज्ञापक मंडळाची तारतंत्री परीक्षा. पण त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराकडे काम केल्याचा दाखला हवा. ज्यांच्याकडे त्यांनी अर्धे आयुष्य काम केले ते दाखला देईनात. आज देतो, उद्या देतो. देणार कसे? भाईजानांना कागद मिळाला तर त्यांच्या सहीखाली काम कोण करणार?

शेवटी दाखला दिला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, आता स्वतः परवानाधारक ठेकेदार आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने भाईजानांना रीतसर हजेरीपटावर घेतले. घेताना मला म्हणाला, "सर, मला पॅनल बांधायला कुणी शिकवले, तुम्ही की त्यांनी?" मी गप्प बसलो.

सध्या रात्री इशाच्या नमाजनंतर भाईजान माझे जुने ट्रेड थिअरीचे पुस्तक घेऊन बसतात. चव्वेचाळिसावे वर्ष, चष्मा लागलेला. त्यांची दहावीतली मुलगी प्रश्न वाचते, ते उत्तर देतात. उत्तर बरोबर असते, पण पुस्तकातल्या शब्दांत नसते, म्हणून ती त्यांना पुन्हा सांगायला लावते. परवा तिने विचारले, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ का घालतात? ते म्हणाले, "ओल रहती, करंट को रास्ता मिलता." तिने पुस्तकातले वाक्य वाचून दाखवले आणि दोघेही हसले, कारण अर्थ तोच होता.

तिचाही आयटीआयचा ऑप्शन फॉर्म यंदा भरायचा आहे. पहिल्या पसंतीला तिने वीजतंत्री लिहून ठेवले आहे. भाभींना ड्रेस मेकिंग हवे आहे. भाईजान कुणाच्या बाजूने आहेत ते अजून बोललेले नाहीत.